घशाची खवखव आणि घरातील खनिजे

पावसाळा सरून थंडी सुरू होते त्या दिवसांत घराघरांतून सकाळी एक परिचित आवाज ऐकू येतो. न्हाणीघराच्या दाराशी उभे राहून, मान मागे टाकून कोणीतरी गुळण्या करीत असते. दिल्लीच्या धुक्यातील घर असो, पुण्याचा वाडा असो वा चेन्नईतील सदनिका असो, घसा दुखू लागला की पहिला हात मिठाच्या बरणीकडे जातो. वैद्य, हकीम, डॉक्टर हे त्यानंतरचे. मीठ, तुरटी, टाकणखार, चुना, आयोडीन ही घशासाठी वापरली जाणारी द्रव्ये वनस्पतींपासून आलेली नाहीत. ती जमिनीतून, सरोवरांतून आणि समुद्रातून आलेली आहेत. आले, तुळस, ज्येष्ठमध, हळद यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. खनिजांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. वास्तविक त्यांपैकी काही द्रव्ये अत्यंत गुणकारी व निरुपद्रवी आहेत, तर काही तितकीच धोकादायक आहेत. दोन्ही प्रकार स्वयंपाकघराच्या एकाच फळीवर शेजारीशेजारी ठेवलेले असतात, म्हणून त्यांची ओळख नीट करून घेणे आवश्यक ठरते.

मीठ : साधे, पण निश्चित

घसा बसतो वा दुखतो तेव्हा तेथील अंतस्त्वचेला सूज आलेली असते. रक्तातील द्रवाची क्षारता सुमारे ०.९ टक्के मिठाच्या द्रावणाइतकी असते. त्यापेक्षा किंचित अधिक खारट पाणी सुजलेल्या पृष्ठभागावर काही काळ राहिले, तर पेशींतील व पेशींभोवतालचे जादा पाणी बाहेर खेचले जाते आणि ताण कमी होतो. त्याबरोबर चिकट श्लेष्मा सैल होऊन धुतला जातो. पाण्याच्या उबेने स्नायूंनाही आराम मिळतो. मिठाच्या गुळण्यांनी वाटणारा दिलासा हा असा सरळ भौतिक नियमांवर आधारलेला आहे.

प्रमाण कोणते? एक मोठा पेला, म्हणजे सुमारे २५० मिलिलिटर कोमट पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ. अर्धा चमचा म्हणजे साधारण ३ ग्रॅम, अर्थात एक टक्क्याहून थोडे अधिक. अनेक घरांत मूठभर मीठ टाकून समुद्राहून खारट पाणी केले जाते आणि जितके अधिक तितके चांगले अशी समजूत असते. तसे नाही. फार खारट पाण्याने आधीच दुखावलेली त्वचा कोरडी पडते व आग होते. पाणी ओठांना सोसेल इतकेच कोमट असावे. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी ताजे पाणी करावे आणि गुळणी थुंकून टाकावी. ती गिळायची नसल्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णांनाही सहसा अडचण येत नाही. सहा वर्षांखालील मुलांना मात्र गुळणी करणे नीट जमत नाही. पाणी श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो, म्हणून त्यांना कोमट पाणी वा सूप घोट घोट पाजणे श्रेयस्कर.

आयोडीनयुक्त मिठाने गुळण्या केल्यास अधिक लाभ होतो का, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. भारतात मानवी आहारासाठी आयोडीनरहित मिठाच्या विक्रीवर २००६ पासून बंदी आहे आणि ग्राहकापर्यंत पोहोचणाऱ्या मिठात दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे लागते. अर्ध्या चमच्यात ते सुमारे ४५ मायक्रोग्रॅम होते. गलगंड टाळण्यासाठी हे प्रमाण मोलाचे आहे, परंतु जंतुनाशक म्हणून ते नगण्य आहे. गुळण्यांसाठी कोणतेही स्वच्छ मीठ चालते.

सैंधवाचा मान आपल्याकडे वेगळा आहे. चरकसंहितेत सर्व लवणांमध्ये सैंधव सर्वांत हितकर मानले आहे. सिंधू प्रदेशातून येणारे ते सैंधव. मराठीत त्यालाच शेंदेलोण म्हणतात. त्याचा सर्वांत प्रसिद्ध साठा आज पाकिस्तानातील पंजाबात, खेवडा येथील खाणींत आहे. भारतात हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात, द्रंग व गुम्मा येथे खडकातील मीठ मिळते. बाजारातील बहुतेक सैंधव पूर्वी पाकिस्तानातून येत असे. २०१९ मध्ये तेथून येणाऱ्या मालावर २०० टक्के आयातशुल्क बसले आणि मे २०२५ मध्ये ती आयात पूर्णपणे बंद झाली. अशा वेळी गुलाबी रंगाच्या खड्यांसाठी वाढीव किंमत मोजणाऱ्या ग्राहकाने एवढे ध्यानी घ्यावे की, रासायनिकदृष्ट्या सैंधव हे बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे. गुलाबी छटा लोहाच्या अंशामुळे येते. घशाच्या बाबतीत गुजरातच्या किनाऱ्यावरील, राजस्थानातील सांभर सरोवराचे किंवा तमिळनाडूतील मिठागरांचे मीठ त्याच्याइतकेच काम करते. पादेलोणाची गोष्ट निराळी. त्यातील गंधकयुक्त संयुगांचा उग्र वास सर्वांना रुचत नाही आणि घशासाठी त्याचा विशेष लाभही नाही.

या उपायाची कसोटी अलीकडच्या काळात वैज्ञानिकांनीही घेतली आहे. जपानमध्ये बाहेरून आल्यावर गुळण्या करण्याची जुनी रीत आहे. तेथील संशोधकांनी ३८७ निरोगी प्रौढांचे तीन गट केले. एका गटाने साध्या पाण्याने, दुसऱ्याने आयोडीनयुक्त द्रावणाने गुळण्या केल्या, तर तिसऱ्याने आपली नेहमीची सवय चालू ठेवली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत साध्या पाण्याने गुळण्या करणाऱ्यांना सर्दी-पडशाचा त्रास लक्षणीय प्रमाणात कमी झालेला आढळला. गंमत अशी की, जंतुनाशक आयोडीन वापरणाऱ्यांना तसा लाभ झाला नाही. घशातील उपकारक जंतूंचे संतुलन त्यामुळे बिघडत असावे, असा तर्क केला गेला. पुढे स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे ६६ प्रौढांवर एक प्राथमिक चाचणी झाली. सर्दी होताच खारट पाण्याने नाक धुणाऱ्या व गुळण्या करणाऱ्यांचे दुखणे सरासरी सुमारे दोन दिवस आधी आटोपले. २०१९ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच संशोधकांच्या मते पेशी मिठातील क्लोराइडपासून विषाणूंना अटकाव करणारे हायपोक्लोरस आम्ल तयार करतात. चाचणी लहान होती आणि त्यात नाक धुणेही होते. म्हणून एकट्या गुळण्यांना सारे श्रेय देता येत नाही.

गुळण्यांची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. गुळणीचे पाणी टॉन्सिलच्या पुढील कमानीपर्यंत पोहोचते, त्यापलीकडे फारसे जात नाही. स्वरयंत्र तर आणखी खाली असते. दिवसभर मोठ्याने बोलून आवाज बसला असेल, तर गुळण्यांपेक्षा मौन, भरपूर पाणी आणि वाफ यांचा उपयोग अधिक होतो.

तुरटी

तुरट चवीवरूनच या द्रव्याला मराठीत तुरटी हे नाव पडले. संस्कृतातील ‘सौराष्ट्री’ हे नाव तिच्या उगमाकडे बोट दाखवते. पश्चिम भारतातील मातीतून ती काढली जात असे. न्हाव्याच्या पेटीतील तो पांढरा खडा, गढूळ पाणी निवळणारा खडा आणि घशासाठी वापरला जाणारा खडा हे सारे एकच, म्हणजे पोटॅशियम व ॲल्युमिनियम यांचे सल्फेट. तुरटीच्या स्पर्शाने पृष्ठभागावरील प्रथिने साकळतात, त्वचा आकसते आणि स्राव कमी होतो. तोंडात बोरासारखी ओढ बसते ती यामुळेच. सुजलेल्या, ओलसर, सैल पडलेल्या घशाला या आकुंचनाने काही काळ बरे वाटते.

एका पेल्यात पाव चमचा तुरटीची पूड पुरेशी होते. तिचे द्रावण आम्लधर्मी असल्याने आठवडेच्या आठवडे गुळण्या केल्यास दातांच्या आवरणाला अपाय होतो. दोन-तीन दिवसांपलीकडे तिची गरज पडू नये. गुळणी झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरणे इष्ट. गिळली गेल्यास पोटात मळमळते.

तुरटीची ‘लाही’ करण्याची रीत अनेक घरांत आहे. तव्यावर तापवली की ती वितळते, फसफसते आणि पांढरी, हलकी, सच्छिद्र होऊन फुलते. हा बदल म्हणजे केवळ पाणी उडून जाणे होय. तुरटीच्या स्फटिकात वजनाच्या सुमारे ४५ टक्के पाणीच असते. म्हणून तितक्याच वजनाची लाही कच्च्या तुरटीच्या जवळजवळ दुप्पट तीव्र असते. परंतु आपल्याकडे वजन कोण करतो? माप असते ते चिमटीचे. फुललेली लाही चिमटीत कमी मावते, दळून बारीक केली तर अधिक मावते. एकाच पाककृतीने एका घरात सौम्य आणि दुसऱ्या घरात जहाल औषध तयार होते ते असे. तुरटीच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही. पुढच्या द्रव्याच्या बाबतीत मात्र बिघडते.

टाकणखार : सोनाराचा मित्र, तान्ह्याचा वैरी

सोनार ज्याच्या साहाय्याने डाग देतो तो टाकणखार, म्हणजेच सवागी, म्हणजेच हिंदीतील सुहागा. त्याचा इतिहास मोठा रम्य आहे. तिबेटच्या उंच पठारावरील सरोवरांच्या काठांवर आणि लडाखमधील पुगा खोऱ्यात हे क्षार साचत. शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर लहान लहान थैल्या बांधून भोटिया व्यापारी हिमालयाच्या खिंडी ओलांडत, माल भारताच्या बाजारपेठांत येई आणि येथून पुढे व्हेनिसपर्यंत जाई. कच्च्या टाकणखाराला युरोपीय भाषांत मिळालेले ‘टिंकल’ हे नाव संस्कृत ‘टंकण’शी जोडले जाते. पुढे कॅलिफोर्निया व तुर्कस्तान येथील प्रचंड साठे खुले झाले आणि हिमालयाचा हा व्यापार ओसरला. सोने शुद्ध करणारे द्रव्य घसाही शुद्ध करील, असे पूर्वजांना वाटले असल्यास नवल नाही.

टाकणखाराची लाही मधात कालवून बोटाने टॉन्सिलवर, हिरड्यांवर, तोंड आलेल्या मुलाच्या जिभेवर लावणे हा महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या चालत आलेला उपचार. पाश्चात्य देशांतही ग्लिसरीनमध्ये कालवलेला टाकणखार औषधाच्या दुकानांत सर्रास मिळत असे. त्याचा सौम्य अल्कधर्म श्लेष्मा सैल करतो, बुरशीची वाढ रोखतो आणि तोंड स्वच्छ वाटते. प्रौढाने क्वचित लावून थुंकून टाकले, तर सहसा काही होत नाही.

तान्ह्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. मूल थुंकत नाही, ते गिळते. बोरॉनची संयुगे पोटातून सहज शोषली जातात आणि ती बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे असते. दिवसातून अनेकदा बोट फिरवले, तर आधीची मात्रा बाहेर पडण्यापूर्वीच नवी भर पडते आणि विष साचत जाते. १९८३ मध्ये ब्रिटनच्या एका बालरोगविषयक नियतकालिकात सात तान्ह्या बाळांची हकीकत प्रसिद्ध झाली. रडे थांबावे म्हणून त्यांच्या चोखणीला मध-टाकणखाराचे तयार मिश्रण लावले जात असे. सातही बाळांना झटके येऊ लागले. मिश्रण बंद केल्यावर ते थांबले. मातांनी काही वावगे केले नव्हते. दुकानात मिळणारे, आजीच्या काळापासूनचे औषध त्या वापरत होत्या. बोरिक आम्लाची घातक मात्रा प्रौढांसाठी १५ ते २० ग्रॅम सांगितली जाते, तर तान्ह्या मुलासाठी ती केवळ २ ते ३ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या-पाऊण चमच्याएवढी. शिवाय युरोपीय संघाच्या वर्गीकरणात टाकणखार हे प्रजननक्षमतेस व गर्भास बाधक द्रव्य गणले आहे. म्हणून गर्भवतीनेही ते टाळणे योग्य.

यात दुसरीही एक अडचण आहे. एक वर्षाखालील बाळाला मधही वर्ज्य आहे. मधात असू शकणाऱ्या विशिष्ट जंतूंच्या बीजाणूंमुळे त्या वयात बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा विकार होण्याची भीती असते. अर्थात टाकणखार आणि मध ही जोडी तान्ह्याच्या तोंडाजवळ न नेणे हेच बरे. घरात सवागी असलीच, तर ती मीठ-साखरेच्या फळीवर नसावी. दिसायला ती पिठीसाखरेसारखीच असते.

ग्रंथांतील खनिजे

प्राचीन वैद्यकात घशाच्या विकारांचा विचार अत्यंत बारकाईने झालेला आहे. तोंडात द्रव भरून स्थिर धरणे तो गंडूष, खळबळवणे तो कवल आणि औषधी चूर्ण बोटाने आत चोळणे ते प्रतिसारण, असे भेदही सांगितले आहेत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात घशासाठी दोन चूर्णे येतात. पहिले काळक. त्यात घरातील धुराचे काजळ, यवक्षार, रसांजन, लोह इत्यादी द्रव्ये आहेत. दुसरे पीतक. त्याचा पिवळा रंग हरताळ व मनशीळ यांचा आहे आणि सोबत यवक्षार, सैंधव व दारुहळद आहे. यवक्षार म्हणजे जवाच्या राखेतून काढलेला, मुख्यत्वे पोटॅशियमचा क्षार. हरताळ आणि मनशीळ ही मात्र सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची गंधकयुक्त खनिजे. शास्त्रोक्त शोधन, मात्रा व पथ्य यांच्या चौकटीत वैद्य ती देत. ग्रंथात आहे म्हणून बाजारातून आणून घरी कुटणे हा त्या ग्रंथाचा सन्मान नव्हे. घटकांची नावे न छापलेल्या पुड्या ‘घशासाठी रामबाण’ म्हणून विकल्या जातात, त्यांबाबत हीच सावधगिरी हवी.

युरोपचा अनुभवही बोलका आहे. आगपेटीच्या काड्यांत वापरले जाणारे पोटॅशियम क्लोरेट एकोणिसाव्या शतकात घशाच्या गोळ्यांमध्ये मुबलक वापरले गेले. डॉक्टरच ते देत. पुढे लक्षात आले की, ते रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट करते आणि मूत्रपिंडे निकामी करते. माणसे दगावल्यावर ते मागे पडले. घरगुती औषधे तेवढी धोक्याची आणि छापील वेष्टनातील निर्धोक, असे समीकरण मांडता येत नाही ते यामुळे.

खेड्यांतून घशाच्या बाहेरून चुना आणि गूळ किंवा हळद यांचा लेप देतात. उष्णता निर्माण होऊन थोडा वेळ बरे वाटते. परंतु ओला चुना अत्यंत दाहक असतो. लहान मुलांच्या मानेची कातडी त्याने भाजते आणि लेपाचा हात डोळ्याला लागला, तर कायमची इजा होऊ शकते. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याचा शेक तेच काम विनाधोका करतो.

आयोडीनचा प्रवास समुद्री शेवाळाच्या राखेपासून सुरू झाला. १८११ मध्ये फ्रान्समध्ये कूर्त्वा यांना ते त्या राखेत सापडले. लूगोल यांनी १८२९ मध्ये त्याचे पाण्यातील द्रावण प्रचारात आणले. पॅरिसमध्ये घशाचे विकार तपासणारे मांडल यांच्या नावाचा तपकिरी ‘मांडल्स पेंट’ भारतातील कान-नाक-घसा विभागांत अनेक दशके कापसाच्या बोळ्याने लावला गेला. पुदिन्याच्या तेलाचा त्याचा वास अनेकांच्या बालपणीच्या आठवणीत असेल. आज पोव्हिडोन आयोडीनच्या गुळण्या मिळतात. थायरॉइडचा विकार असलेल्यांनी, गर्भवतींनी व स्तनदा मातांनी त्या डॉक्टरांना विचारूनच कराव्यात.

गुळणी कोठे थांबते

घसादुखीची बहुतेक प्रकरणे विषाणूंमुळे होतात आणि पाच-सात दिवसांत आपोआप बरी होतात. त्या काळात मिठाचे पाणी हा उत्तम सोबती होय. परंतु मुलांच्या घसादुखीपैकी साधारण पाचातले एक ते तिनातले एक प्रकरण स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचे असते. पाच ते पंधरा वर्षांच्या वयात तो विशेष आढळतो. एकाएकी तीव्र दुखणे, ताप, गिळताना वेदना, मानेत दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि सर्दी-खोकल्याचा अभाव ही त्याची खूण. गुळण्यांनी वेदना कमी होते, मात्र जिवाणू तेथेच राहतो. घसा बरा झाला असे वाटते आणि दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे सुजून संधिवाताचा ताप येतो. काही मुलांच्या हृदयाच्या झडपा त्यात कायमच्या खराब होतात. भारतात आजही या झडपांच्या शस्त्रक्रियेसाठी तरुण रुग्ण मोठ्या रुग्णालयांत येतात. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलीनवर्गीय औषध सुरू झाले, तर हा ताप टाळता येतो. या उपचाराचा खर्च काही रुपयांचा असतो. झडप बदलण्याच्या खर्चाने मात्र कुटुंबाची वर्षानुवर्षांची बचत संपते.

घटसर्प हा दुसरा शत्रू. चरकाने ‘रोहिणी’ नावाचा घशाचा रोग वर्णिला आहे व उपचार न झाल्यास रोगी तीन रात्रींत दगावतो असे म्हटले आहे. अनेक अभ्यासक त्याची तुलना घटसर्पाशी करतात. घशात राखाडी, चिवट पडदा, मान सुजलेली, श्वास घुसमटलेला अशी अवस्था असेल, तर मीठ, तुरटी यांत एक तासही घालवू नये. पडदा खरवडण्याचा प्रयत्न केल्यास रक्तस्राव होतो. १८९० मध्ये बेरिंग व किटासाटो यांनी शोधलेले प्रतिविष आणि प्रतिजैविक हेच येथे उपाय आहेत व ते रुग्णालयातच मिळतात. बालपणीच्या लशीचे संरक्षण वयाबरोबर क्षीण होते, म्हणून राष्ट्रीय कार्यक्रमात १० व १६ व्या वर्षी पुन्हा धनुर्वात-घटसर्पाची लस दिली जाते. शाळकरी मुलांची ही दोन इंजेक्शने पुष्कळदा विसरली जातात.

तोंड पूर्ण उघडता न येणे, लाळ गळणे, एकाच बाजूला असह्य दुखणे, श्वास घेताना आवाज होणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तंबाखू वा गुटखा खाणाऱ्याचा घसा किंवा आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर तपासणी लांबणीवर टाकू नये. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलेच, तर दुसऱ्या दिवशी बरे वाटले तरी सांगितलेले सर्व दिवस ते घ्यावे. त्या दिवसांत मिठाच्या गुळण्या चालू ठेवण्यास हरकत नाही.